माणूस आत हाय

दर रविवारी अंबूबाई खंडोबापुढं पान वाढायची. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची फोड. देवाला दाखवून झालं की ते पान घेऊन ती दाराच्या चौकटीत बसायची आणि दारावर जो पहिला येईल त्याच्या हातात द्यायची. मग तो भिकारी असो, मेंढरामागं वाट चुकलेला धनगर असो, नाहीतर कचेरीचा शिपाई असो. तोवर तिच्या पोटात पाण्याचा थेंब जायचा नाही. हा नेम तिच्या सासूपासून चालत आलेला. सासू मरताना सांगून गेली होती, "येईल त्याचं त्वांड बघू नगं. हात बघ, अन् पान दे. देवानं धाडलाय म्हन."

ऐकायला सोपं वाटतं. पाळून बघावं.

१९४८ सालच्या फेब्रुवारीतला पहिला रविवार. अंबूबाई पान घेऊन बसली होती आणि रस्त्यानं कुणी येत नव्हतं. शुक्रवारी दिल्लीत गांधीबाबाला गोळ्या घातल्या. मारणारा बामन निघाला. शनिवारपासून साताऱ्याच्या अंगानं आणि इकडं सांगलीच्या अंगानं धूर दिसायला लागला होता. कुणाचं घर पेटलं हे धुराच्या दिशेवरून माणसं ओळखत होती आणि पुन्हा आपल्या कामाला लागत होती.

अंबूबाईची खोली गावाबाहेर, पेवांच्या माळावर. सांगलीच्या हळदीला ही पेवं कामाची. नदीकाठच्या त्या घट्ट मातीत तीन पुरुष खोल खड्डा. तोंड एवढंसं की माणूस खांदे आवळून जाईल, आत मात्र खोलीसारखं पोट. त्यात हळद भरायची, वर दगडी झाकण, झाकणाच्या कडेनं चिखल. मग आत ना किडा जगतो ना मुंगी, कारण आत हवाच राहत नाही. हळद चार चार वर्षं टिकते ती त्याच्यामुळं, आणि माणूस मरतो तोही त्याच्यामुळंच. म्हणून माळावर दोन नियम होते. पेव उघडलं की आधी दोरीनं दिवा सोडायचा. दिवा जगला तर माणूस उतरेल. आणि दुसरा, "माणूस आत हाय!" अशी हाळी कानावर आली की ज्याच्या कानावर येईल त्यानं हातातलं टाकून दोर घेऊन पळायचं. तिथं जात नाही, भावकी नाही, बांधाचं भांडण नाही. एकमेकांची डोकी फोडलेल्या माणसांनी एकमेकांना वर ओढलंय.

हा नियम एकदाच मोडला होता. एकवीस वर्षांपूर्वी. आत अंबूबाईचा नवरा होता, नाथाजी.

दिवा जगला म्हणून नाथाजी उतरला. तळाची कुजकी पेंढी उलटली आणि खालचा वाईट वारा उठला. माणसं ओढायला लागली तर दोर मधनंच तुटला. जवळचा आड विष्णुपंतांचा, माळाला लागूनच. अंबूबाई स्वतः दोर मागायला पळत गेली होती. विष्णुपंत शाळेत मास्तर, घरी पूजाअर्चा. ओल्या पंच्यानं उभे होते. ते ओरडले नाहीत, हाकलून दिलं नाही. मऊ आवाजात म्हणाले, "अगं, हा सोवळ्याचा दोर. देवाचं पाणी निघतं याच्यावर. पाटलांच्या विहिरीवरचा आणा, पळा." पाटलांची विहीर दोन शेतं पलीकडं. नाथाजी वर आला तेव्हा त्याचे ओठ जांभळे झाले होते.

पंतांनी नंतर पायलीभर तांदूळ पाठवले. अंबूबाईनं ते कोंबड्यांना टाकले. पंतांनी पाप केलं असं गावात कुणालाच वाटलं नाही. सोवळ्याचा दोर तो, कसा देतील? असंच सगळे म्हणाले, मराठेसुद्धा. अंबूबाईला मूलबाळ नव्हतं. व्यापाऱ्यानं तिला पेवांच्या राखणीवर ठेवलं आणि तिनं तिथं बसून एकवीस वर्षं पंतांच्या घराचं पाठीमागचं दार बघितलं.

आज त्या दाराच्या जागी धूर होता.

दुपार कलायच्या आत दोन माणसं हळदीच्या शेतातनं वाकत वाकत आली आणि सरळ तिच्या दारात उभी राहिली. विष्णुपंत, अनवाणी, उपरण्याला जळाल्याची भोकं. त्यांच्या मागं त्यांची धाकटी लेक शरयू, एकोणीस-वीस वर्षांची, पदराचा बोळा तोंडात धरलेली.

"अंबूबाई," पंत म्हणाले.

एकवीस वर्षांत ते तिला 'अगं ए' म्हणत आले होते. आज नावापुढं बाई लागली.

तिनं तोंड बघितलं नाही. हात बघितले. दोन्ही तळव्यांना टरारून फोड आलेले. पान तिच्या मांडीवर होतं. तिच्या मनात आलं, देवा, लय बेरकी हायेस. रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा आडवून ठेवलंस, अन् ह्यो धाडलास.

"कुनी जाळलं?"

"गावातलेच. बाहेरचेही होते. मी कुणाला मारलं नाही गं. बातमी आली त्या रात्री मी जेवलोसुद्धा नाही."

"तुमी न्हाई मारलं, ठावं हाय मला. तुमी मारत न्हाई. तुमी दोर देत न्हाई."

शरयूला काही कळलं नाही. तिच्या जन्माच्या आधीची गोष्ट, आणि त्या घरात असल्या गोष्टी कोण सांगतंय!

"मी जातो," पंत म्हणाले. "पोरीला तेवढी ठेव."

"गप बसा. पान घ्या. रविवारचं हाय, पयलं तुमी आला. मी न्हाई बोलवलं, त्यानं धाडलंय तुमास्नी. तुमचं त्वांड बघायचं असतं तर मी ह्ये शेरडापुढं टाकलं असतं."

शरयूनं अर्धी भाकरी उभ्याउभ्याच खाल्ली, हात न धुता. पंतांनी उरलेली घेतली, कपाळाला लावली आणि उपरण्याच्या कोपऱ्यात बांधली. "खाईन मग," म्हणाले.

अंबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर जळालं, अंगावर फोड आले, तरी हे सोवळं काही जळत नाही! पण तिनं पान दिलं होतं. खाल्लं न खाल्लं हा देवाचा आणि त्यांचा हिशेब.

तेवढ्यात रस्त्याच्या अंगाला गलका उठला.

खोली एकच. शोधायला खाकरण्याइतका वेळ पुरे. पण दाराशेजारचं पेव रिकामं होतं. पुढच्या आठवड्यात नवी हळद यायची म्हणून सकाळीच तिच्या पुतण्यानं, अर्जुनानं, त्याचं झाकण काढून ते वाऱ्यावर टाकलं होतं. तळाची जुनी पेंढी आणि रिकाम्या पोत्यांची थप्पी तेवढी काढायची राहिली होती. अंबूबाईनं दिवा सोडला. ज्योत सरळ उभी राहिली. खुंटीला दोर बांधून आधी शरयू, मग पंत उतरले. दोर वर दिसला तर कळेल म्हणून तिनं तो सोडून आतच टाकला.

"पेंढीला हात लावू नगा," ती आत ओरडली. "पोत्यांच्या थप्पीवर बसा. उंच बसा."

मग झाकण ओढलं. आणि शेजारच्या घमेल्यातला चिखल घेऊन कड लिंपली. एकवीस वर्षं झाकण ओढलं की कड लिंपायची, हातानं दुसरं काही कधी केलंच नव्हतं. डोकं रस्त्याकडं होतं आणि हात आपला आपण चालला. बोट फिरवून शेवटची फट बुजवली तेव्हा माणसं बांधावर आली होती.

वीस-बावीस जण होते. निम्मे तालमीतले, ओळखीचे. म्होरक्या बाहेरचा, नानासो म्हणून, फौजेतनं सुटून आलेला, अंगात खाकी शर्ट. फौजेत हा माणूस कुणाशी लढला देव जाणे. इथं म्हाताऱ्या मास्तरावर चालून आला होता.

"काय म्हातारे, बामन आला व्हता का हिकडं?"

"बामन माझ्याकडं कशाला येतोय? माझी सावली पडली तर आंघूळ करतोय त्यो."

माणसं हसली. "लय खरं बोलली बघ म्हातारी!"

खोली उलटीपालटी करून झाली. देव्हाऱ्यामागं बघितलं, कणगीत काठी घातली. मग ऊन लागतंय म्हणून सगळे चिंचेखाली बसले. लुटीची भांडी मधे ठेवली. कुणी तंबाखू मळली, कुणी पाणी मागितलं. अंबूबाई पाणी वाढायला वाकली आणि तिला आपली बोटं दिसली. नखांत चिखल. ओला.

कड. कड लिंपली मी.

तिनं तांब्या तसाच पुढं केला. हवा किती वेळ पुरेल हे माळावर कुणीच सांगू शकत नव्हतं. रिकामं पेव असेल तर दिवसभर. तळाला पेंढी कुजत असेल तर... तिनं पुढचा विचार केला नाही. उठत का न्हाईत ही, एवढाच जप तिच्या डोक्यात चालला. सूर्य चिंचेच्या शेंड्यावरून फांदीवर आला, फांदीवरून बुंध्याकडं सरकला. माणसं उठेनात. आग लावून दमली होती बिचारी.

त्या घोळक्यात अर्जुनाही होता, तिच्या दिराचा पोरगा. त्याच्या एका हातात पितळी घागर, खांद्यावर दोराचं वेटोळं. दोराला मधोमध लाल चिंधी बांधलेली. दोर दरसाल नवा, चिंधी मात्र तीच. सोवळ्याची खूण.

"ह्यो कुठला रं दोर?"

"पंताच्या आडाचा. नवा हाय काकी. आपल्या कामाला येतोय."

"यायचा तवा न्हाई आला," अंबूबाई म्हणाली.

अर्जुनानं मान फिरवली. त्याला माहीत होतं. नाथाजी त्याचा चुलता. "त्याचीच तर भरपाई केली आज," तो पुटपुटला, पण आवाजात जोर नव्हता. मग सहज त्याची नजर पेवाकडं गेली. "काकी, ह्ये पेव मी सकाळी वाऱ्यावर टाकलं व्हतं. तू झाकलंस?"

"शेरडं पडत्यात."

"आगं मग दगड ठेवायचा. रिकामं पेव कुनी लिपतंय व्हय? शेरडांस्नी काय लोनचं घालतीस?"

तो थट्टेनंच बोलला. पण नानासो उठून बसला. त्यानं पेवाच्या कडेला बोट लावलं. चिखल ओला होता.

"उघडा."

चौघांनी झाकण सरकवलं. आतनं कुबट, गरम वाफ तोंडावर आली तशी चौघंही मागं सरली. आत डोकं घालायची कुणाची छाती नव्हती, नानासोचीसुद्धा नव्हती. अर्जुनानं रीतीप्रमाणं दिवा पेटवला, सुतळीला बांधला आणि सोडला.

सगळे कडेनं वाकून बघत होते. दिवा एक पुरुष खाली गेला. ज्योत बारीक झाली. आणखी हातभर गेला. ज्योत निळी पडली, वातीवरून सुटल्यासारखी झाली, आणि गेली.

"आत कायबी जिवंत न्हाई," अर्जुना म्हणाला. सुतळी वर ओढताना त्यानं काकीकडं बघितलं नाही.

नानासो पिचकारी टाकून वळला. "चला रं. नदीकडं बघू."

माणसं भांडी उचलायला लागली.

अंबूबाई वातीकडं बघत होती. दिवा अर्ध्यावर विझला होता. तिथवर खालच्या माणसाचा हात पोचत नाही. कुणी फुंकर घातली नव्हती. वारा अर्ध्यापर्यंत सडला होता आणि ती दोघं त्याच्या खाली होती.

गप्प राहिली तर ही माणसं बांधापलीकडं जातील. पण मग वर ओढणार कोण? दोर आत पडलेला. तिच्या पन्नाशीच्या हातांनी काय व्हायचं? आणि ओरडली तर हीच माणसं, ह्याच हातांनी... पुन्हा दुसऱ्या बाजूनं तिच्या आत एक आवाज होता, एकवीस वर्षं पोसलेला. तो म्हणत होता, बस की गप. पान दिलंस, नेम झाला. आता देवाचं देव बघंल. नाथाजीला पाटलाच्या विहिरीवरचा दोर, ह्याला कुठलाच न्हाई. बरोबर झालं.

तो आवाज खोटा नव्हता. तिचाच होता. पण पुढच्या रविवारी पान घेऊन बसायचं होतं.

"माणूस आत हाय!" अंबूबाई ओरडली. "आरं माणूस आत हाय! पळा! माणूस आत हाय!"

आणि माळावरची माणसं वळली. तालमीतल्या पोरांच्या हातातली भांडी खाली पडली. कोण आत आहे हे त्यांना त्या क्षणी नक्की कळलं होतं, तरी पाय आधी पळाले. लहानपणापासून कानावर पडलेली हाळी, ती कानातनं थेट पायात गेली. अर्जुनानं खांद्यावरचा दोर झटकला, एक टोक कमरेला बांधलं, तोंडावर ओला पटका आवळला, श्वास भरून घेतला आणि उतरला. सहा जणांनी दुसरं टोक धरलं. त्याच दुपारी त्यातल्या तिघांनी पंतांच्या आढ्याला चूड लावली होती.

पहिली शरयू आली. थप्पीच्या सगळ्यात वरच्या पोत्यावर होती. अंगात त्राण नव्हतं, डोळे फिरलेले, पण छाती वरखाली होत होती. अंबूबाईनं तिला मांडीवर घेतलं आणि पाठीत थापा मारल्या. पोरगी खोकली, ओकली. अर्धी भाकरी बाहेर आली.

"अण्णा," ती म्हणाली. "अण्णा खाली. मला वर बसवलं. पोती माझ्याकडं सरकवली सगळी."

अर्जुना पुन्हा श्वास भरत होता. तेवढ्यात नानासोनं दोरावर पाय दिला.

"पोरगी आली, बास. म्हातारा ऱ्हाऊ द्या तितंच. आयता गाडलाय."

"पाय काड," अर्जुना म्हणाला.

"कुनासाठी मरतोस रं? येका बामनासाठी? आरं, गांधीबाबाला मारला त्यांनी!"

"पाय काड, नानासो. पेवावर आसं नसतं."

"कसं नसतं?"

कसं नसतं हे कुणाला सांगता येईना. सहा जण दोर हातात धरून उभे. कुणी म्हणालं, जाऊ दे की. कुणी म्हणालं, आता आत गेलेला वाचतोय थोडाच. बोलाचाली झाली. किती वेळ झाली? पाटलांच्या विहिरीवर जाऊन यायला लागतो तेवढा वेळ. अंबूबाईला तो वेळ पाठ होता. तिनं शरयूला जमिनीवर ठेवलं, उठली, आणि नानासोच्या त्या पायाला पोटरीत कडकडून चावली. माणूस कुत्र्यासारखा केकाटला. पाय सुटला. अर्जुना उतरला.

विष्णुपंत वर आले तेव्हा ओठ जांभळे होते. अंबूबाईनं ते बघितलं आणि पाठीत थापा मारल्या नाहीत. उपयोग नसतो हे तिला माहीत होतं. उपरण्याच्या कोपऱ्यातली गाठ तिनं सोडली. भाकरी तशीच होती. एक घास कमी होता का, हे तिनं वळवून वळवून बघितलं. नव्हता.

माणसं एकेक करून निघून गेली. नानासो लंगडत, शिव्या देत. आपण आत्ता एका माणसाला ओढत होतो की मारत होतो, हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं, आणि रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी ते विसरूनही टाकलं असेल. माणसाला विसरायला फार लागत नाही. भांडी मात्र कुणी विसरलं नाही.

पंतांना अर्जुनानं आणि दोघांनी नदीवर नेलं. मंत्र म्हणायला गावात कुणी उरलं नव्हतं. शरयूनंच अग्नी दिला. बाईमाणसानं द्यायचा नसतो, पण अडवायला कोण होतं? दुसऱ्या दिवशी अंबूबाईनं तिला सांगलीत पोचवलं. तिथल्या एका शाळेत जळीतवाली माणसं ठेवली होती. वर्गावर्गांत बायका भिंतीला टेकून बसलेल्या, फळ्यावर कुणाची तरी अर्धी बेरीज तशीच राहिलेली.

निघताना शरयूनं विचारलं, "तुम्ही अण्णांना काय म्हणालात? ते दोराचं?"

अंबूबाईनं पोरीकडं बघितलं. सांगावं असं तिला फार वाटलं. हिनं कुणावर राग धरायचा नि कुणावर नाही, हे तरी हिला कळावं. आणि कड कुणी लिंपली तेही सांगावं.

"काय न्हाई बाई," ती म्हणाली. "जुनं हाय."

पुढचा रविवार आला. अंबूबाईनं पान वाढलं, देवाला दाखवलं, आणि दारात बसली. गावानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. बामनाला लपवलं म्हणून काहींनी, मारला म्हणून काहींनी. रस्ता मोकळा. पेवाच्या झाकणावर एक कावळा.

पहिला आला तो अर्जुना. दाढी वाढलेली, हातात दोराचं वेटोळं, लाल चिंधी लोंबती.

"घरात ठेववंना," तो म्हणाला. "झोप लागंना काकी."

"टाक तितं."

दोर उंबऱ्याशेजारी पडला. अर्जुना उभाच राहिला. पान तिच्या मांडीवर होतं. तिनं तोंड बघितलं नाही, हात बघितले. तळव्याला दोराचे वळ होते, आणि अंगठ्याला काळा डाग, चूड धरली होती तिथं. दोन्ही एकाच हाताला.

तिला देवाचा फार राग आला. असला राग तिला नाथाजी गेला तेव्हाही आला नव्हता. भाकरी वाळून कडा उचलायला लागली तरी ती बसून राहिली. मग तिनं पान पुढं सारलं.

"जेव," ती म्हणाली. "दोराकडं त्वांड करून बस. अन् जेव."

अर्जुना खाली बसला. तिनं उठून कासरा घेतला आणि शेरडं सोडायला गेली. तो जेवला की नाही, हे तिनं वळून बघितलं नाही.